कालवा, गावरस्ता आणि शेतवाट: इंग्लंडमधला पहिला ग्रुप वॉक कसा आखायचा

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी वर्षभरात लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट पाहून घेतात, पण घराजवळच्या स्टेशनामागून सुरू होणाऱ्या शेतवाटेवर जायला कचरतात. कारण विचारलं की उत्तर साधारण सारखंच येतं. "दुसऱ्याच्या शेतातून कसं जायचं? कोणी हटकलं तर काय सांगायचं?" हा संकोच चांगल्या वळणातून आलेला आहे. तरीही इथे तो बाळगायचं कारण नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर लांबीच्या वाटांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना दिलेला आहे. जमीन शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची. त्यात नागरिक कोण आणि व्हिसावर आलेला कोण, हा प्रश्नच येत नाही.

आठ-दहा जण मिळून, घाईगडबड न करता, डबा घेऊन दिवसभर पायी हिंडायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी लंडनच्या वायव्येचं ट्रिंग घेतलं आहे. कालवा, अरुंद गावरस्ता आणि शेतातली पायवाट हे तिन्ही तिथे एकाच दिवसात मिळतं, आणि गाडी नसली तरी जाता येतं.

आधी हक्क नीट समजून घ्या

१९३२ साली मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो कामगार तरुण-तरुणी किंडर स्काउटच्या माळावर बंदी झुगारून चढले. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. मोकळ्या रानात आणि शेतवाटांवर फिरता यावं म्हणून लोकांनी जी मागणी लावून धरली, तिला १९४९ च्या कायद्याने मोठं बळ मिळालं. आपापल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटा शोधून अधिकृत नकाशावर नोंदवण्याची जबाबदारी या कायद्याने काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनांवर, टाकली. आज आपण खांबावर जो पिवळा बाण पाहतो त्याच्या मागे ही नोंद असते.

खांबावरच्या बाणांचे रंग पाठ करून ठेवा. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही असतात. जांभळ्या बाणाच्या वाटेवर घोडागाडीही चालते, आणि लाल बाणाच्या वाटेवर मोटारगाडीसुद्धा येऊ शकते. पहिल्या काही वेळा पिवळ्या आणि निळ्यावरच राहा.

हक्क वाटेपुरता असतो, हे मात्र विसरू नका. वाट शेताच्या मधून जात असेल तर मधूनच जायचं. पीक उभं आहे म्हणून कडेकडेने गेलात तर उलट तुम्हीच हक्काची जागा सोडून गेलात असं होतं. शेतकऱ्याने नांगरट केली तर शेतामधून जाणारी पायवाट त्याने १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते, किमान एक मीटर रुंद. बांधालगतची वाट असेल तर ती नांगरायचीच नसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये हिरव्या गव्हातून सरळ रेषेत गेलेली तपकिरी पट्टी दिसली की बिनधास्त त्यावरून चाला, एकामागे एक. ती तुमच्यासाठीच ठेवलेली आहे.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ सगळीकडे फिरायची मोकळीक आहे, त्यामुळे हे बाणांचं गणित तिथे लावू नका.

वाट कशी निवडायची

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा केशरी वेष्टनातला एक्स्प्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. नकाशावरचा प्रत्येक निळसर चौकोन एक किलोमीटर बाजूचा असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज बोटांनी घेता येतो. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा: आखूड तुकडे पायवाटेचे, लांब तुकडे ब्रायडलवेचे. काळ्या तुटक रेषेने दाखवलेली वाट जमिनीवर असते, पण तिच्यावर हक्क असेलच असं नाही. नवख्यांचा घोळ इथेच होतो, कारण मोबाइलवरच्या साध्या नकाशात दोन्ही सारख्याच दिसतात. ट्रिंगसाठी एक्स्प्लोरर क्रमांक १८१ लागतो. कागदी नकाशा एकाकडे, अॅप दोघांकडे, एवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष आखणी. माझा आग्रह असा की पहिला वॉक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आखावा आणि मधल्या गाठीवर स्टेशन ठेवावं. एकच मोठं वर्तुळ आखलं की दमलेल्या माणसालाही ते पुरं केल्यावाचून सुटका नसते. मध्ये स्टेशन असलं की ज्याला पुरे झालं तो हसतमुखाने घरी जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा येतो. शिवाय आपल्या गटांत वयं सरमिसळ असतात. उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा, नुकतंच कॉलेज संपवलेली पोरं, आणि आठवड्यातून चार दिवस धावणारी एखादी वहिनी, सगळे एकाच वॉकला येतात.

ट्रिंगला हे आपसूक जमतं. लंडनच्या युस्टन स्टेशनहून गाडी साधारण पाऊण तासात पोचते. स्टेशन ट्रिंग गावापासून तीनेक किलोमीटर लांब आहे, आणि आपल्याला हवं तेच आहे, कारण बाहेर पडून पश्चिमेकडे काही मिनिटं चाललं की ग्रँड युनियन कालव्यावरचा पूल लागतो. पुलावरून खाली काठावर उतरायचं आणि उत्तरेकडे निघायचं. बलबोर्नवरून मार्सवर्थच्या सात लॉकांच्या (बोट वर-खाली नेण्यासाठी पाण्याची पातळी बदलणाऱ्या, दारं असलेल्या कप्प्यांच्या) उतरंडीपर्यंत जायचं, जलाशयाला वळसा घालायचा आणि त्याच काठाने परत. हे आठ-नऊ किलोमीटर होतात आणि चढ म्हणावा असा जवळपास नाही. दुपारी दुसरा फेरा: स्टेशनापासून पूर्वेला ऑल्डबरी गावात जाऊन परत यायचं, साधारण तीन किलोमीटर, थोडा गावरस्ता आणि थोडी शेतवाट.

किती जण, किती वेळ

बाराच्या वर जाऊ नका. बारा जण एका स्टाईलवरून चढून उतरतात तेव्हा पाच मिनिटं सहज जातात. स्टाईल म्हणजे कुंपण ओलांडायची दोन पायऱ्यांची लाकडी फळी. अशा सहा स्टाईल असतील तर अर्धा तास तिथेच गेला.

वेळेचा जुना हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडला होता: तासाला पाच किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. हा हिशेब सरावलेल्या एकट्या माणसाचा आहे. गप्पा मारत, फोटो काढत, कोणाची नाडी बांधायला थांबत जाणाऱ्या गटासाठी तासाला तीन किलोमीटर धरा. सकाळी साडेदहाला निघालात तर नऊ किलोमीटर आणि पाऊण तासाचं जेवण धरून सव्वादोनला पुन्हा स्टेशन.

डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. त्या दिवसांत ऑल्डबरीचा फेरा सोडून द्या किंवा आदल्या गाडीने या. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा ही चिंता नाही.

तिकिटाबद्दल एक उपयोगी गोष्ट: तीन ते नऊ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील तर गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्ह नावाची एक-तृतीयांश सवलत बऱ्याच गाड्यांना मिळते. तिकीट काढतानाच मागावी लागते. रविवारी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस देण्याचे प्रकार होतात, म्हणून शनिवार बरा, आणि आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा.

गटावर टाकायचा निरोप नेमका लिहा. "छान वॉक आहे, या सगळे" एवढ्यावर लोक पांढरे बूट घालून येतात. असा लिहा:

"शनिवार, सकाळी १०.१५, ट्रिंग स्टेशनच्या बाहेर. १०.३० ला निघू. कालव्याकाठाने सपाट ९ किमी, परत स्टेशन. मग ज्यांना हवं त्यांच्यासाठी आणखी ३ किमी शेतवाट, फाटकं आहेत, बाबागाडी जाणार नाही. चिखल असणार. डबा, एक लिटर पाणी, पावसाचं जॅकेट आणा. चारपर्यंत सगळं संपेल. कुत्रा आणणार असाल किंवा गुडघ्याचा, दम्याचा त्रास असेल तर मला आधी कळवा."

शेवटचं वाक्य टाळू नका. आपल्याकडे मोठी माणसं चारचौघांत "मला जमणार नाही" म्हणत नाहीत. काकांना किंवा मावशींना आधी वेगळा फोन करून विचारलं तर खरं काय ते कळतं.

अंगावर काय, पिशवीत काय

बूट ही एकच गोष्ट पैसे टाकून घेण्यासारखी आहे. तळव्याला खोल खाचा असलेले आणि पाणी आत न येणारे बूट घ्या. घोट्याच्या वर असलेच पाहिजेत असं नाही. जीन्स घालू नका. ओली झाली की जड होते, वाळत नाही आणि मांड्या गार पडतात. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि वर पावसाचं जॅकेट ठेवा. छत्री कालव्याकाठी ठीक, शेतात वाऱ्यापुढे टिकत नाही.

उन्हाळ्यातही पाय झाकलेले ठेवा. वाटेच्या दोन्ही बाजूंना नेटल नावाची झुडपं कंबरेएवढी वाढतात. पानाचा ओझरता स्पर्श झाला तरी कातडीवर बारीक गांधी उठतात आणि तासभर चुणचुणतं. लहान मुलांना पान दाखवून ठेवा: दातेरी कडा, टोकाशी निमुळतं, अंगावर बारीक केस.

खाण्याबाबत आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, गुळपोळी, हे मुळातच प्रवासाचं खाणं आहे. सँडविचपेक्षा ते जास्त टिकतं आणि थंडीत पोटाला आधार देतं. थर्मासमध्ये आल्याचा चहा असेल तर बाराच्या बारा जण त्या थर्मासवाल्याच्या आसपास चालतात. जलाशयापाशी चहा-खाणं मिळतं, पण त्याच्या वेळा आधी पाहून ठेवा आणि केवळ त्यावर विसंबून राहू नका. पबमध्ये बसणार असाल तर आपला डबा तिथे उघडायचा नाही. चिखलाचे बूट दाराशी पुसा किंवा काढा. स्वयंपाकघर अनेक ठिकाणी दुपारी अडीच-तीनला बंद होतं, आणि बारा माणसं न सांगता जेवायला आली तर त्यांची धांदल उडते, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. दारू न पिणाऱ्यांनी पबमध्ये जायला काहीच हरकत नाही. चहा, कॉफी, लिंबाचं सरबत मागितलं तरी कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही.

स्वच्छतागृह मोजकीच असतात. स्टेशनावर, नाहीतर जिथे खाल तिथे. निघण्यापूर्वी हे सगळ्यांना, विशेषतः बायकांना आणि ज्येष्ठांना, स्पष्ट सांगा.

कालव्याकाठी

आपल्या डोळ्यांसमोर कालवा म्हटलं की धरणातून शेताकडे वाहत जाणारं पाणी येतं. इथला कालवा मालवाहतुकीसाठी खणलेला आहे. पाणी जवळजवळ उभं असतं आणि डोंगर-उतार लागला की ते लॉकच्या पायऱ्यांनी चढतं-उतरतं. आपण ज्या काठाने चालतो तो टोपाथ. पूर्वी त्यावरून घोडे चालत आणि मागे दोराने मालाची बोट ओढत. अनेक जुन्या पुलांच्या कडांवर, टोपाथच्या बाजूला, त्या ओल्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. हाताचं बोट त्यात नीट बसेल इतक्या खोल. पुलाखालून जाताना थांबून हात फिरवून बघा.

ट्रिंगचा हा भाग म्हणजे कालव्याचा माथा. लंडनकडून चढत आलेला कालवा इथे चिल्टर्न टेकड्या ओलांडतो आणि मार्सवर्थला पुन्हा उतरायला लागतो. १७९३ मध्ये संसदेने परवानगी दिलेल्या ग्रँड जंक्शन कालव्याचा हा भाग, विल्यम जेसप हा त्याचा मुख्य इंजिनिअर. माथ्यावर अडचण पाण्याची. एक बोट माथा ओलांडते तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक लॉकभर पाणी खाली जातं, आणि इथल्या एका लॉकमध्ये दोन लाख लिटरहून अधिक पाणी मावतं. ते पाणी परत वर येत नाही. म्हणून १९व्या शतकाच्या सुरुवातीला ट्रिंगजवळ जलाशय बांधले गेले, आणि वेंडोव्हरकडून एक फाटा आणून माथ्याला पाणी पुरवलं गेलं. आज त्याच जलाशयांवर पक्षी बघायला लोक येतात. लिटल रिंग्ड प्लोव्हर या पक्ष्याचं ब्रिटनमधलं पहिलं घरटं १९३८ मध्ये इथेच आढळलं. दुर्बीण असेल तर जरूर आणा.

लॉकपाशी पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि एखादी बोट येताना दिसली तर तिची वाट बघा. बोट आत शिरते, मागचे लाकडी दरवाजे लांबलचक दांड्याला पाठ लावून ढकलून बंद केले जातात. मग हातातल्या लोखंडी किल्लीने दरवाजातली झडप वर उचलतात, आणि पाणी पातळी बदलेपर्यंत सगळे उभे राहतात. दोन्हीकडचं पाणी सारख्या पातळीला आलं की जे दार आधी दोन माणसांनाही हलत नव्हतं ते एकाच्या पाठीने उघडतं. बोटवाल्याला वेळ असेल तर "मदत करू का?" विचारा, बहुतेक वेळा आनंदाने दांड्याला हात लावू देतात. मुलांना मात्र काठापासून दूर, कोणाचा तरी हात धरून उभं करा. लॉकच्या भिंती सरळ, खोल आणि शेवाळलेल्या असतात. दारावरून पलीकडे जायचं असेल तर ते पूर्ण बंद असेल तेव्हाच आणि कठड्याला धरून.

काठावरच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टोपाथ अरुंद असतो, तीन-तीन जण शेजारी चालू नका. सायकलची घंटा ऐकू आली की सगळे एकाच बाजूला व्हा, काही इकडे काही तिकडे नको. गळ टाकून बसलेल्याचा लांब दांडा वाटेवर आडवा असतो, तो उचलेपर्यंत थांबा. काठाला बांधलेल्या बोटींत लोक राहतात, ती त्यांची घरं आहेत. खिडकीतून डोकावणं, छतावर हात ठेवून फोटो काढणं बरं दिसत नाही. बदकांना पाव घालण्यापेक्षा वाटाणे किंवा मक्याचे दाणे थोडेसे घाला. वसंतात हंस घरट्यावर असला तर लांबून जा. डबा खाण्याआधी हात साबणाने किंवा जेलने पुसा, कालव्याचं पाणी स्वच्छ नसतं.

गावरस्त्यावर

ऑल्डबरीकडे जाताना पदपथ नसलेला रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, वळणापलीकडचं दिसत नाही, आणि अशा रस्त्यांवरही गाड्या वेगाने येतात. हायवे कोड या ब्रिटनच्या रस्ते-नियमावलीतला नियम असा: पदपथ नसेल तर उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि अरुंद रस्त्यावर एकामागे एक. उजवीकडे तीव्र वळण येत असेल तर आधीच पलीकडे जा, वळण संपल्यावर परत या. मोठ्या संघटित गटाला मात्र त्याच कोडमध्ये उलट सांगितलं आहे: डावीकडे चाला, पुढे आणि मागे भडक जॅकेटातला एकेक माणूस ठेवा. आपला आठ-दहा जणांचा गट पहिल्या नियमात बसतो. भडक जॅकेट तरीही दोन घ्याच.

गाडी आली की पुढचा माणूस "गाडी!" म्हणून ओरडतो, मागच्याने मागून आलेल्या गाडीसाठी तेच करायचं. सगळ्यांनी गवतात उभं राहायचं आणि थांबलेल्या ड्रायव्हरला हात करायचा. इथे ही रीत आहे, आणि तिच्यामुळे पुढच्या पायी जाणाऱ्यांनाही चांगली वागणूक मिळते.

ऑल्डबरीत तळ्याकाठी जुना लाकडी खोडा आणि फटके मारायचा खांब जपून ठेवला आहे. गावावरच्या टेकडीवर ब्रिजवॉटर ड्यूकचं १८३२ मधलं स्मारक आहे. याच ड्यूकने १७६१ मध्ये मँचेस्टरकडे कोळसा नेणारा कालवा सुरू केला आणि देशभर कालव्यांची लाट आली. सकाळी कालवा चालून आलेल्यांना दम असेल तर तिथवर चढून जायला हरकत नाही, पण तो चढ वेगळा वेळ मागतो. एप्रिलच्या अखेरीस त्या जंगलात निळी ब्लूबेल फुलं पसरलेली असतात. वाट सोडून फुलांत शिरू नका, तुडवलेली रोपं पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात.

शेतात शिरल्यावर

फाटकाचा नियम सोपा आहे: जसं सापडलं तसं सोडा. बंद होतं तर बंद, उघडं बांधून ठेवलं होतं तर उघडंच, कारण शेतकऱ्याने गुरांना पाण्यापर्यंत जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. गटात अडचण अशी की फाटक पहिल्याने पाहिलेलं असतं आणि सोडतो शेवटचा. म्हणून पुढच्याने "बंद होतं" किंवा "उघडं होतं" असं मागे सांगत जायचं, आणि शेवटच्याने कडी लागल्याचा आवाज ऐकूनच निघायचं. किसिंग गेटमधून एका वेळी एकच जण जातो: आत शिरा, कोपऱ्यात उभे राहा, फळी आपल्या अंगावरून पलीकडे ढकला, बाहेर पडा. मोठी पाठपिशवी असेल तर ती आधी काढून हातात घ्या.

आता गायी. इथे जरा थांबून वाचा. गाय आपल्याला परकी नाही, रस्त्यात बसलेल्या गाईला हात लावून आपण पुढे जातो, आणि त्यामुळेच इथे गाफील राहायला होतं. इथली कुरणातली गुरं माणसाच्या हाताखाली तेवढी नसतात. सगळ्यात जपायचं ते वासरं सोबत असलेल्या गायींना. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. वासराला हात लावायचा, फोटो काढायचा मोह आवरा. कळप वाटेवरच उभा असेल तर लांबून वळसा घालून पुन्हा वाटेला लागा, सुरक्षेसाठी तसं केलेलं चालतं.

तरुण बैल आणि कालवडींचा प्रकार वेगळा. ती उत्सुकतेने धावत तुमच्या मागे येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते. पळू नका, पळालात तर तीही पळतात. गट एकत्र ठेवा, वळून त्यांच्याकडे तोंड करा, हात बाजूला पसरा, शांत आवाजात बोला. ती दहा-पंधरा पावलांवर थबकतात. मग न धावता पुढच्या फाटकाकडे चालत राहा. सोबत कुत्रा असेल तर तो आखूड पट्ट्यावर हवा, पण गुरं खरोखर अंगावर आली तर पट्टा सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो, तो वेगाने निसटतो आणि तुम्ही वाचता. मेंढ्यांच्या शेतात मात्र पट्टा हातातून सुटता कामा नये.

सार्वजनिक वाटेच्या शेतात दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू ठेवायला कायद्याने बंदी आहे. इतर जातींचा वळू गायींसोबत असेल तर चालतो. असा वळू दिसला तर मी गट घेऊन दुसऱ्या वाटेने जातो.

गट एकत्र कसा ठेवायचा

एक जण सगळ्यांच्या पुढे, एक ठरलेला माणूस सगळ्यांच्या मागे, आणि शेवटच्याच्या मागे कोणी नाही. दोघांकडे एकमेकांचे नंबर. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. शेवटचा पोचला की लगेच "चला" म्हणू नका. मागून आलेल्यालाच विश्रांतीची जास्त गरज असते, आणि तो पोचेपर्यंत पुढच्यांची झालेली असते. त्यालाही दोन मिनिटं द्या, पाणी पिऊ द्या.

काही दुखलं-खुपलं तर ९९९ किंवा ११२. ठिकाण सांगण्यासाठी नकाशावरचा ग्रिड क्रमांक, म्हणजे चौकोनांच्या रेषांवरून निघणारा जागेचा क्रमांक, द्या. कालव्यावर असाल तर आणखी सोपं आहे, प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते. पूल ओलांडताना तो क्रमांक मनात म्हणायची सवय लावा. घरून निघण्यापूर्वी ९९९ ला "रजिस्टर" असा इंग्रजीत मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवली तर रेंज कमी असतानाही मेसेजने मदत मागता येते. भारतातून आलेल्या पाहुण्यांचा प्रवास-विमा आणि गोळ्यांची नावं त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये असतात, ती त्यांच्या स्वतःच्या खिशातही कागदावर लिहून द्या.

घरी आल्यावर

रात्री अंघोळीला जाताना गुडघ्याची मागची बाजू, काखा, मांड्यांचा सांधा, मुलांच्या कानामागे आणि केसांच्या कडेला गोचीड आहे का बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल-तूप लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा गोल लालसर चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख करून दाखवा. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार वेळीच ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

आणि एक काम त्याच संध्याकाळी करा. वाटेत स्टाईलची पायरी मोडलेली होती, बाणाचा खांब पडलेला होता, वाट पिकाने बुजवलेली होती, किंवा हक्काच्या वाटेवर "प्रवेश बंद" अशी दिशाभूल करणारी पाटी होती, तर त्या भागाच्या कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या सार्वजनिक वाटांच्या फॉर्मवर कळवा. ट्रिंगसाठी हर्टफर्डशायर, मार्सवर्थच्या बाजूला बकिंगहॅमशायर. ग्रिड क्रमांक, तारीख, एक फोटो आणि दोन ओळी पुरतात. टोपाथची तक्रार असेल तर २०१२ पासून कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला, पुलाच्या क्रमांकासह. कोणीच कळवत नाही त्या वाटेवर दोन उन्हाळ्यांत काटेरी झुडपं माजतात, आणि मग नकाशावर हिरवी रेषा असूनही तिथून जाता येत नाही. ही नोंद करण्याचं काम प्रत्येक वेळी गटातल्या वेगळ्या माणसाला द्या.